बी सोमोए आणि चार नावांची मशीद

बी सोमोएशी भांडायचं तर सकाळी भांडू नये, हे आमच्या बेटावरच्या उफुकोनी गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सकाळी ती दारापुढच्या ओट्यावर विटुंबुआ तळायला बसायची. रात्रभर नारळाच्या दुधात आंबलेलं तांदळाचं पीठ, वेलदोड्याचा वास पार गल्लीच्या टोकापर्यंत, आणि हातात ते गोळे उलटायची तापलेली सळई. बोलताना ती सळई हवेत फिरायची आणि ऐकणारा आपोआप मागे सरकायचा. मी तिच्या समोरच्या ओट्यावर टोप्यांवर भरतकाम करत बसतो. माझ्या मागे भिंत, त्यामुळे सरकायची सोय नव्हती. अर्धं आयुष्य मी तिचं सगळं ऐकून घेतलं.

आणि तिचं सगळं म्हणजे काय, तर गावची मशीद कोणी बांधली.

आमच्या गावात जुनी मशीद एकच आहे. वरच्या आळीत तिला नाखव्याची मशीद म्हणतात. कोणी दरवेश नावाचा शिराझी नाखवा वादळात सापडला, वाचलो तर मशीद बांधीन म्हणाला, आणि वाचला. आमच्या खालच्या आळीत तीच शेखाची मशीद. शेख मदारका चटईवर बसून समुद्र ओलांडून आले आणि चटई जिथं टेकली तिथं त्यांनी पाया खणला. कोळीवाड्यात म्हणतात, हे सगळं झूट. मशीद जिनांनी एका रात्रीत बांधली आणि कोंबडा आरवला म्हणून मिनार राहून गेला. जिन मुसलमान होते, हे ते लगेच वर जोडतात. मेहराबीवर म्हणे अक्षरं कोरलेली होती, पण खाऱ्या वाऱ्यानं ती अशी खाल्लीत की ज्याला जे नाव हवं ते त्याला तिथं वाचता येतं. लग्नाचं आमंत्रण करायला निघालं की आळी बदलली तसं मशिदीचं नाव बदलावं लागतं, नाहीतर वऱ्हाडी रुसून घरी बसतात.

बी सोमोएचं म्हणणं चौथंच. तिच्या खापरपणजीच्या कुठल्याशा पणजीनं, म्वाना ताऊसीनं, मशीद बांधली. ताऊसीचा नवरा गलबतासकट बुडाला. तेव्हा बाईनं अंगावरचं सोनं उतरवलं आणि दर्यावरून दिसेल अशी पांढरीशुभ्र मशीद उभी केली, की पुन्हा कोणाचा नवरा वाट चुकू नये. मशिदीला तीन आळ्यांकडे तीन मोठी दारं आहेत आणि विहिरीच्या अंगाला एक ठेंगणं. ते तिनं स्वतःसाठी ठेवलं. हे सोमोएला तिच्या आईनं सांगितलं, आईला तिच्या आईनं. मरताना आई म्हणाली होती, "पोरी, चारचौघांत कोणी तिचं नाव घेतलेलं एकदा ऐकायचं होतं गं." हे सांगताना सोमोए सळई खाली ठेवायची.

गाव हसायचं. बाई आणि मशीद बांधते म्हणे. सगळ्यात जास्त हसायचे म्झे शेबवाना, आमचे खतीब. शुक्रवारी प्रवचनाला उभे राहिले की भारी गंभीर, पण एरवी तिच्या ओट्यावर पहिला गरम घाणा खायला हजर.

"बी," ते तोंडात घास घोळवत विचारायचे, "तुमच्या ताऊसीनं बांधली, तर मेहराबीच्या जागी चूल कशी नाही?"

"तुमच्या नाखव्यानं बांधली असती ना म्झे, तर पहिल्या भरतीला वाहून गेली असती. पुरुषांनी बांधलेलं मी पाहिलंय. तुमचा संडास बघा."

संडासाचा विषय निघाला की खतीब उठायचे.

मग एका शुक्रवारी या वादात छपरानं तोंड घातलं. सगळे सजद्यात असताना चुन्याचा भलामोठा पोपडा सुटला आणि खतीबांच्या पाठीवर आदळला. खतीबांनी नमाज मोडली नाही, पण ती संपल्यावर जे काही बोलले ते मशिदीत बोलायचं नव्हतं. गवंडी म्झे कोम्बो वर चढला, टाचेनं ठोकठोक करून खाली आला आणि म्हणाला, तुळया किडल्यात, कोबा भुसभुशीत झालाय, पावसाच्या आत सगळं उतरवून नवं करा. चुना किती लागेल विचारलं, तर म्हणाला, चार मचवे भरून.

नेमका तेव्हाच मोंबासाहून ब्वाना हरून उतरला. गोलमटोल, घामाघूम, हसरा माणूस. त्याच्या श्रीमंत विधवा मावशीनं नवस केला होता, की बेटांवरच्या प्रत्येक जुन्या मशिदीला मचवाभर चुना देईन. धक्क्यावर न्हावी, एक कोळी आणि मी बाओच्या पटावर डाव मांडून बसलो होतो. त्यानं विचारलं, इथं जुनी मशीद कोणती? वरच्या आळीचा न्हावी म्हणाला, नाखव्याची. मी म्हणालो, शेखाची. कोळी डावावरची नजर न काढता म्हणाला, जिनांची. पाहुणा खूश झाला. एवढ्याशा गावात तीन जुन्या मशिदी, माशाल्ला, असं म्हणत ओहोटी लागायच्या आत पुन्हा बोटीत चढला. आमच्यापैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं.

पंधरवड्यानं निरोप आला, की तीन मचवे ठरलेत, देण्याआधी ब्वाना हरून तिन्ही मशिदी बघून जातील. गाव मशिदीच्या अंगणात जमलं. खतीब म्हणाले, खरं सांगून टाकू, आणि अगदी मनापासून म्हणाले. तेवढ्यात म्झे कोम्बोनं आठवण करून दिली की चुना तीन नाही, चार मचवे लागतो. खतीबांनी पाठ चोळली.

"मशिदीचंच मशिदीला जाणार आहे," ते शेवटी म्हणाले. "तीन नावं तर पोहोचलीच. एक राहिलं म्हणून कळवू. पण चौथं नाव पाहिजे."

चौथं नाव कुठं मिळतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण मागायला जायचं कोणी?

शेवटी सगळेच गेले. सकाळीच गेले, सकाळी जाऊ नये एवढी अक्कल कोणाला सुचली नाही. सोमोएनं मान वर न करता सगळं ऐकलं आणि एकेक गोळा उलटत राहिली.

"गरज पडली की बी," ती म्हणाली, "आणि गरज नसली की थट्टा. बरं. नाव देते. पण चौथ्या दारात म्झे शेबवाना स्वतः उभे राहतील. मशीद कोणी बांधली असं पाहुणा विचारील, तेव्हा म्हणतील, म्वाना ताऊसीनं. पुटपुटायचं नाही. मला विहिरीवर ऐकू आलं पाहिजे."

खतीबांनी आभाळाकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही. मग त्यांनी मान हलवली.

पुढचे दिवस गावाच्या अंगात आलं होतं, दुसरं काय म्हणायचं? एका मशिदीच्या चार करायच्या म्हणजे पोरखेळ आहे का? पण आमच्या गल्ल्याच अशा, की घरचा माणूससुद्धा तीन वळणांनंतर दिशा विसरतो. पाहुण्याला फिरवून फिरवून एकेका दारानं आत न्यायचं असं ठरलं. प्रत्येक वेळी आत वेगळ्या चटया, मेहराबीवर वेगळा पडदा, वेगळा धूप. नाखव्याच्या मशिदीचा खतीब न्हावी झाला, जिनांचा तो कोळी, आणि शेखाच्या मशिदीचा खतीब मी. मी माझ्या हातची सगळ्यात बारीक कशिद्याची टोपी घातली, आणि बायको म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही कामाचे दिसताय. नमाजी मात्र तेच होते. एका दारानं पाहुणा बाहेर पडला की त्यांनी मागच्या गल्लीतून धावत जाऊन पुढच्या मशिदीत शांतपणे बसलेलं दिसायचं.

ब्वाना हरून आला. पहिल्या दारात न्हाव्यानं त्याला नाखव्याची हकीकत अशी रंगवून सांगितली, की वादळाचं वर्णन आलं तसा पाहुणा स्वतःच डोलायला लागला. हलवा झाला, कॉफी झाली. गल्ल्यांतून फिरवून त्याला माझ्याकडे आणलं. मी त्याला शेखांची चटई किती लांब, किती रुंद, हेही सांगितलं. मागे नमाजी कुत्र्यासारखे धापा टाकत होते. मी म्हणालो, फार तळमळीनं प्रार्थना करतात. सगळं झकास चाललं होतं. पाहुण्याची नजर खांबाकडे गेली.

खांबाला टेकून म्झे काले घोरत होते. गावातले सगळ्यात म्हातारे आणि ठार बहिरे. त्यांना हलवायचं राहूनच गेलं होतं.

"पहिल्या मशिदीतही एक म्हातारे म्झे झोपले होते," ब्वाना हरून म्हणाला.

"प्रत्येक मशिदीत एक असतातच," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली आणि नारळातलं मासळीचं कालवण वाढा म्हणाला. जिनांच्या मशिदीत कोळ्यांनी बिर्याणी केली होती. तिथं पाय धुवायच्या टाकीत शोभेला म्हणून त्यांनी एक जिवंत खेकडा सोडला होता, त्यानं पाहुण्याचा अंगठा धरला. कोळी खतीब म्हणाला, जिनांचा आहे, ओळख करून घेतोय. म्झे काले तिथंही घोरत होते. त्यांनी कूससुद्धा बदलली नव्हती. ब्वाना हरून हसून हसून लाल झाला, पण आम्हाला वाटलं खेकड्यामुळे.

चौथं दार ठेंगणं. त्यातून पोट आत घ्यायला पाहुण्याला वाकावं लागलं. आत खतीब शेबवाना ताठ उभे होते. बाहेर विहिरीवर बी सोमोए. तिनं पेटीतली नवीकोरी काळी बुईबुई अंगावर घेतली होती. विटुंबुआची परात डोक्यावर होती, ती खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं. अख्खं गाव विहिरीभोवती श्वास रोखून उभं होतं. हसू दाबून दाबून आमच्या बरगड्या दुखत होत्या.

"ही कोणी बांधली?" ब्वाना हरूननं विचारलं.

"म्वाना ताऊसीनं," खतीब खणखणीत आवाजात म्हणाले. "फार पुण्यवान बाई. अंगावरचं सोनं विकून बांधली. पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे." आणि त्यांनी पाहुण्याच्या डोक्यावरून आमच्याकडे बघून डोळा मारला.

मी सोमोएकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिचा राग मी रोज पाहिला होता, पण असा चेहरा पाहिला नव्हता. कोणीतरी तिची आई उचलून बाजारात उभी केली होती जणू. ती परात घेऊन तशीच दारातून आत गेली.

"म्झे, माझी आई हे ऐकायला तरसत गेली," ती म्हणाली. "पण असं नको. डोळा मारून नको." मग ती पाहुण्याकडे वळली. "ब्वाना, मशीद एकच आहे. चारही दारं हिचीच. हे लोक तुमच्याकडून चुना काढतायत. बाकीच्या तीन नावांचं ज्याचं त्यानं बघावं. माझं नाव मी यात घालू देणार नाही."

म्झे कालेंचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं.

ब्वाना हरून खाली बसला आणि परातीतला एक विटुंबुआ उचलून खाल्ला. "बी, हे मला दुसऱ्या दारातच कळलं होतं," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांमुळे. म्हटलं, गाव एवढं धावतंय, घामाघूम होतंय, आपण कशाला मोडता घाला? मावशीला चार सांगणार होतो. तिला चुन्याची काय कमी? पण आता तुम्ही माझ्या तोंडावर सांगितलंत. ऐकल्यावर मला तिच्यापाशी खोटं बोलवणार नाही. नवस एका मशिदीला एक मचवा असा आहे."

म्हणजे ती गप्प राहिली असती तर चार मचवे आले असते. हे लक्षात आल्यावर गावाची जी अवस्था झाली ती सांगण्यासारखी नाही. मीही त्यात होतो. हातातोंडाशी आलेला घास त्या बाईनं हिसकावला, असं मी ओट्यावर बसून मोठमोठ्यानं म्हणालो. ती समोरच होती, म्हणूनच मोठमोठ्यानं म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तिच्या विटुंबुआला गिऱ्हाईक नाही. तळलेले गोळे ती संध्याकाळी गाढवांना घालायची. वरच्या आळीची, खालच्या आळीची, कोळीवाड्याची, गावातली सगळी गाढवं तिच्या दारात आणि माणूस एकही नाही. काही दिवसांनी तिनं चूल पेटवणंच सोडलं. सकाळी वेलदोड्याचा वास येईना आणि माझी सुई उगाच बोटात घुसायला लागली.

पाऊस मात्र कोणासाठी थांबणार नव्हता. एक मचवा मिळाला, उरलेला चुना आम्हालाच भाजावा लागला. तिन्ही आळ्यांनी मिळून ओहोटीला प्रवाळ फोडलं, खारफुटीच्या लाकडांचा घराएवढा ढीग रचला आणि पेटवला. धूर पार शेजारच्या बेटावर गेला. लोक मचव्यांतून बघायला आले, की उफुकोनी जळालं की काय. सगळ्यांची तोंडं पांढरी, भुवया पांढऱ्या. न्हावी म्हणाला, आता दाढी कोणाची करायची तेच ओळखू येत नाही. चिडलेली माणसं हसायला लागली. एकमेकांशी हसायला लागली, सोमोएशी नाही.

कोबा घातला आणि चोपायचा दिवस उजाडला. बायका, पुरुष, सगळे काठ्या घेऊन वर चढले. आता चोपणी म्हणजे नुसतं बडवणं नव्हे. गाणं लागतं. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं आणि उत्तरावर सगळ्या काठ्या एकदम पडायच्या, तेव्हा कुठं चुना एकजीव बसतो. बेटाच्या या टोकाला हे गाणं सांभाळायची बी सोमोए. तिला बोलवायला कोणी गेलं नव्हतं.

न्हाव्याच्या बायकोनं सुरुवात केली. तिची ओळ एवढी लांबली की अर्ध्या काठ्या आधीच पडल्या. मग कोळ्यांनी वल्ह्याचं गाणं धरलं, त्यावर सगळे पुढे मागे झुलायला लागले आणि एक जण खाली पडता पडता वाचला. म्झे कोम्बो ओरडत होता की हे छप्पर आहे की बकरीची पाठ. दुपार झाली, चुना सुकायला लागला, आणि बी सोमोएचं दार खाली बंदच होतं.

तेव्हा खतीब शेबवाना काठी टेकत छपराच्या कडेला गेले. त्या माणसाचा आवाज बोलायला चांगला. गायला लागले की घुबड बरं. त्यांनी तिच्या दाराकडे तोंड केलं आणि गळा काढला.

"कोणी गं बांधली, कोणी गं बांधली?"

उत्तरही त्यांनी स्वतःच दिलं.

"म्वाना ताऊसीनं!"

आणि एकट्यानंच काठी आपटली. आम्ही हसलो. हसू आवरेना. ते थांबले नाहीत. लाल होऊन, शिरा ताणून, त्याच भसाड्या आवाजात त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर दिलं, पुन्हा आपटली. पुढच्या खेपेला म्झे कोम्बोची काठी त्यांच्याबरोबर पडली. मग कोळ्याची. मग माझा हात कधी उचलला गेला ते मला कळलं नाही.

दार उघडलं. बी सोमोए बाहेर आली, कमरेवर हात ठेवून वर बघत उभी राहिली. गाणं थांबलं.

"म्झे, आता यातून चुना निघायचा नाही," ती खालून म्हणाली.

"माहीत आहे."

"मग हे तुम्हाला खरं वाटतं का?"

खतीब कडेला उकिडवे बसले.

"मला ठाऊक नाही, बी," ते म्हणाले. "नाखव्याचंही ठाऊक नाही. माझ्या बापालाही नव्हतं. पण नाखव्याचं नाव मी मचवाभर चुन्याला विकून मोकळा झालो, आणि मला काही वाटलंसुद्धा नाही. तुम्हाला ताऊसीचं विकवलं नाही. आमचा नाखवा असा कोणाच्या काळजात नाही हो."

ती ठेंगण्या दारातून आत शिरली आणि शिडीनं वर आली. पहिल्यांदा तिनं खतीबांच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाली, गाऊ नका, छप्पर पुन्हा पडेल. मग ती मधोमध उभी राहिली, आमच्यावर नजर फिरवली, माझ्यावर जरा जास्त वेळ, आणि ओळ उचलली.

"कोणी गं बांधली, कोणी गं बांधली?"

एवढं म्हटलं आणि तिचा आवाज फुटला. उत्तर कसं असतं ते आम्हाला दाखवायचं होतं, पण ओठ हलले आणि नाव काही बाहेर येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तेव्हा वरची आळी, खालची आळी, कोळीवाडा, सगळ्यांनी मिळून ते नाव तिला म्हणून दाखवलं आणि सगळ्या काठ्या एकदम पडल्या.